चार सालांचा दगड

जरा पाय जपून, शेवाळ आहे. हाच तो दगड. चार ओळी, चार आकडे : शके १५८६, हिजरी १०७५, यहुद्यांचं ५४२५, संवत १७२१. पाहुण्यांना वाटतं चार पिढ्यांनी कोरलंय. छे हो! एकाच वर्षाची मोजणी आहे ती. माणसं वेगळी, आकडा वेगळा. अहो, बसू नका त्यावर!

असं सांगतात, त्या साली दिवाळी उलटल्यावर धाकू खलाशी गलबतावर एडनला निघाला. बायकोला, गोमाईला म्हणाला, "साल सरायच्या आत येतो." साल सरलं नि माणूस आला नाही, तर तो गेला असं धरायची तेव्हा रीत होती. फाल्गुनाची अवस आली, क्रोधी संवत्सर संपलं, गलबताचा पत्ता नाही. सासरा लखमा हाच दगड घेऊन सुनेच्या बांगड्या फोडायला उभा राहिला. एकुलता एक मुलगा हो त्याचा!

गोमाईनं हात पदराखाली घेतले. "मामंजी, गलबताचा नाखवा मुसलमान. त्याचं साल कुठं सरलंय?"

लखमा माघारी फिरला. भर पावसात हिजरी सालही सरलं. मग ती म्हणाली, गलबतात तेल भरलंय ते शनवार तेल्यांचं, यहुद्यांचं. त्यांचं साल बदलतं तो नव्याचा सण होऊ दे. तो झाला. मग म्हणाली, गलबत गुजराती शेठचं, त्याचं साल दिवाळीला बदलतं. गाव म्हणायचं, पोरीला वेड लागलं. लखमा मात्र दर खेपेला परत जायचा, ज्याचं साल त्याला आकडा विचारायचा आणि दगडावर कोरत बसायचा. करणार काय बिचारा!

दिवाळीच्या अवसेला चौथा आकडा कोरला आणि दगड इथं बंदरात आणून टाकला. "आता माझ्याच्यानं उचलवत नाही," म्हणाला. बांगड्या राहिल्या त्या राहिल्याच.

धाकू आला का? सगळे हेच विचारतात. कोणी म्हणतात दुसऱ्याच दिवशी, दिवाळीच्या पाडव्याला, शीड दिसलं, कोणी म्हणतात नाही. मला ठाऊक नाही.

आजही आमच्याकडे दर्यावर गेलेल्याला चारही सालं सरल्याशिवाय गेला म्हणत नाहीत. थांबा, ती होडी... नाही, मासळीवाल्यांची आहे.

माझा मुलगा मागल्या दिवाळीनंतर जहाजावर गेला. कंपनीचा कागद आलाय : बेपत्ता, मयत धरा, सही करा. सून त्या कागदाकडे बघतसुद्धा नाही. गुढीपाडवा झाला, मोहरम झाला, नव्याचा सण परवा झाला. दिवाळीला सव्वीस दिवस आहेत, आणि सही माझीच लागते.