सह्या समक्ष घेतल्या जातील

त्या मुलखात पाणी एका बाजूला होतं आणि तहान दुसऱ्या बाजूला. मधे काटेरी घाणेरीचं रान होतं. ते काही मूळचं नव्हे. समुद्रापलीकडून आलेल्या रोहित पक्ष्यांनी तळ्यातल्या बेटावर राज्य मांडलं, तेव्हा काठाला शोभा यावी म्हणून चार रोपं लावली होती. शोभा इतकी माजली की माळावरच्या रयतेला तळं दिसेनासं झालं. पाण्याला जायचं तर दिवसभराचा वळसा पडे. रयत कुरकुरायची, वळसा घालायची, आणि घरी परतेपर्यंत पुन्हा तहानलेली असायची.

सावकाशी नावाच्या कासविणीचं मात्र नुसतं कुरकुरून भागणार नव्हतं. तिने माळावरच्या मऊ मातीत नऊ अंडी घातली होती. उन्हाळा सरता सरता पिल्लं बाहेर पडणार, आणि पडली की त्यांना लगेच पाणी हवं. तिची स्वतःची पाठ दगडासारखी, ती काट्यांतून रेटून जाई. पिल्लांची कवचं म्हणजे ओले पापड. वळशाने नेली तर उन्हाने मरणार, रानातून नेली तर काट्यांनी. तिला झोप लागेना. शेवटी ती साळिंदराकडे, टोकेकाकांकडे गेली. माळावरचे सगळे अर्ज तेच लिहीत. पान पळसाचं, लेखणी स्वतःच्या पाठीवरचा काटा.

"काय मागायचं?" काकांनी विचारलं.

"एक वाट द्या म्हणावं. पिल्लांपुरती. वीतभर रुंद."

"अगं बाई, वीतभर मागितलीस तर बोटभर मिळेल. हातभर लिहितो."

"नको. लागते तेवढीच लिहा."

काकांनी वीतभर लिहिलं.

बेटावरच्या महासभेने अर्ज समितीकडे सोपवला. समितीत तीन रोहित होते. तिघेही एका पायावर उभे. निर्णय झाला की दुसरा पाय टेकायचा, असा त्यांचा रिवाज, आणि तो टेकलेला आजवर कोणी पाहिला नव्हता. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: 'एका कासविणीची अडचण ही रयतेची अडचण म्हणता येत नाही. माळावरच्या प्रत्येक जातीची सही जोडावी. सह्या काठावर, समितीपुढे, सकाळच्या प्रहरी समक्ष घेतल्या जातील.'

टोकेकाकांनी कपाळाला हात लावला. वळसा घालून सकाळी पोचणं कोणाच्या बापाला जमणार नव्हतं, आणि ते समितीला पुरतं ठाऊक होतं.

"मग वळसा नको," रानडुक्कर धडकेअण्णा म्हणाले. "मी पुढे होतो, तुम्ही मागून या. सावकाशी, डोळे पूस. तुझी पोरं ती माझी भाचरंच की!"

अण्णा मुस्कट खाली घालून घाणेरीत घुसले. त्यांच्यामागे भेकर, ससे, मुंगूस, घोरपड, तितर. ओरबाडले, अडकले, एकमेकांच्या नावाने शंख करत का होईना, पण सकाळच्या प्रहरी काठावर उभे राहिले. चिखलात पाय बुडवून प्रत्येकाने पानावर ठसा दिला. समितीने ठसे मान वाकडी करून निरखले. उत्तर आलं: 'ठसे निरनिराळ्या आकारांचे आहेत. रयतेत एकमत दिसत नाही. पुन्हा द्यावेत.'

पुन्हा दिले. तेव्हा कळलं की ठसे फक्त पुढच्या पायांचे आहेत, मागच्या पायांचं म्हणणं समजत नाही. मागच्या पायांचे नेले, तर आधीचे वाळून तडकले होते.

पहिल्या दोन खेपांना सगळे चिडले. तिसऱ्या खेपेला सशिणींनी वाटेत खायला बोरं घेतली. चौथ्या खेपेला तितरांनी ठेका धरला आणि अण्णा, गळा नसताना, गाऊ लागले. मुंगूस आणि घोरपड यांचं तीन पिढ्यांचं वाकडं होतं. पाचव्या खेपेला ते एकमेकांच्या पाठीतले काटे काढत बसलेले दिसले. सावकाशी नेहमी सगळ्यांत मागे, आणि सगळे तिच्यासाठी थांबत. "आली का आमची सावकाशी? मग आता समिती बसायला हरकत नाही!" अशी तिची थट्टा होई, आणि ती पोट धरून हसे. अंड्यांची काळजी होतीच, पण ती आता एकटीची राहिली नव्हती. माळावर लोक विचारू लागले, "पुढची सही कधी?"

सातव्या खेपेनंतर समितीकडे मागायला काही उरलं नाही. नाइलाजाने तिने स्थळपाहणी जाहीर केली. पाहणी म्हणजे चालणं आलं, म्हणून तिघांना दुसरा पाय टेकावा लागला. तिघे काठावरून माळावर आले, इकडे तिकडे पाहिलं आणि त्याच पावली परत गेले.

उत्तर आलं त्या सकाळी पहिल्या अंड्याला तडा गेला होता. टोकेकाकांनी पान उघडलं.

"'अर्ज फेटाळण्यात येत आहे.'"

सावकाशीने मान आत ओढून घेतली. अण्णांनी नाकातून एक मोठा फुत्कार सोडला.

"थांबा, पुढे आहे," काका म्हणाले. "'समितीने माळापर्यंत जाऊन पाहणी केली असता, अर्जदाराने मागितलेली वाट मुळातच अस्तित्वात असल्याचे आढळले. ती वीतभर नसून चांगली दोन हात रुंद आहे. असलेली वस्तू मागून सरकारचा वेळ घेतल्याबद्दल अर्जदारास सक्त ताकीद देण्यात येते.'"

सगळ्यांनी एकदम मागे वळून पाहिलं. सावकाशीची मान हळूच बाहेर आली. समोर, घाणेरीच्या मधोमध, तळं लख्ख दिसत होतं.

"अगं बाई!" ती म्हणाली. मग माळावर जो हशा उसळला तो बेटापर्यंत ऐकू गेला, आणि समितीने त्याची नोंद 'असंतोष' अशी केली.

दुपार कलल्यावर नऊ पिल्लं निघाली. चिखलात वाळलेल्या ठशांतूनच त्यांना जावं लागत होतं. अण्णांच्या खुराच्या खड्ड्यात ती गडगडत, धडपडत वर येत, सशाच्या ठशात दम खात, मग मुंगसाच्या, मग घोरपडीच्या. दोन्ही बाजूंना सगळा माळ उभा राहून ओरडत होता, "चल रे! आलंच!" पाण्याच्या अगदी काठाशी रोहिताच्या तीन लांब बोटांचा एक नवा ठसा होता. सगळ्यांत धाकटं पिल्लू त्यावरून पोट घासत गेलं, ठसा पुसला गेला, आणि ते पाण्यात शिरलं.