बुवांची जागा

“मग मी चुकतो कुठे, बुवा? सूर हलला नाही, लय सुटली नाही. तरी उद्याच्या गाण्याला तुम्ही हो का म्हणत नाही?”

कमलाकरने तंबोरा अजून खाली ठेवला नव्हता. दुसऱ्या दिवशी संस्थानाच्या दरबारात त्याचं पहिलं गाणं होतं. गुरूने हो म्हटल्याशिवाय चारचौघांत गायचं नाही, असा अंतोबुवांच्या घरचा शिरस्ता होता.

अंतोबुवा सुपारी कातरत राहिले.

“ती जागा पुन्हा गा,” ते म्हणाले.

ती जागा म्हणजे मारवा रागातली. पहिली ओळ संपली की बुवा थांबत, मान डावीकडे कलवत, आणि मगच दुसरी ओळ घेत. मैफिलीत तबला चालू राही, बुवा गप्प. तेवढ्या गप्प राहण्याने ऐकणाऱ्यांच्या काळजात कालवाकालव होई. जाणकार म्हणवणाऱ्यांनी ती जागा कुठल्या घराण्याची, यावरून भांडणं केली होती. बुवांचे शिष्य मात्र ती बिनतक्रार उचलत, मानेसकट. एकाची मान तर कायमचीच तशी राहिली. घरची माणसं शेक देऊन थकली.

कमलाकर गायला. थांबला. मान कलवली, मात्रा बरोबर मोजल्या आणि दुसरी ओळ घेतली.

“थांबलास तेव्हा काय करत होतास?”

“मात्रा मोजत होतो.”

“हं...”

“तुम्ही काय करता?”

“मी ऐकतो.”

“काय ऐकता?”

बुवांनी अडकित्ता खाली ठेवला.

“मी तुझ्या वयाचा होतो. प्लेग आला. सगळं गाव माळावर झोपड्या घालून राहिलं. आजारी माणसं ओढ्यापलीकडे ठेवत. आमच्या घरातली तिकडे होती.”

बायकोचं नाव बुवांनी कधी घेतलं नाही. त्या पिढीत घेत नसत.

“पलीकडे जायला बंदी. मग संध्याकाळी मी ओढ्याकाठी बसून हेच गायचो. एक ओळ झाली की थांबायचं. ती तिकडून तांब्यावर काकण वाजवायची. वाजलं की दुसरी ओळ.”

“ओढा डावीकडे होता...” कमलाकर हळूच म्हणाला.

“डावीकडे.”

“मग?”

“मग एका संध्याकाळी थांबलो...”

बुवांनी सुपारीचं खांड उचललं आणि तसंच परत ठेवलं.

इतकी वर्षं आपण कशाच्या मात्रा मोजत होतो, हे कळल्यावर कमलाकरला मान वर करवेना. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि म्हाताऱ्याची फार माया आली.

“तू कोणाची वाट बघतोस?” बुवांनी विचारलं.

कमलाकरने खरंच आठवून पाहिलं.

“कोणाचीच नाही. आई-वडील आहेत. बायको परवाच माहेरून आली.”

“देवाची कृपा. मग थांबतोस कशाला? जा की सरळ.”

तो गायला. पहिली ओळ न थांबता दुसरीत गेली. तिच्यात घाई होती, उमेद होती, घरी कोणीतरी असल्याचं सुख होतं. चाल बुवांचीच, पण गाणं प्रथमच कमलाकरचं झालं.

त्या जागी बुवांची मान सवयीने डावीकडे कलली. तिथे कोणी थांबलं नव्हतं. मान सावकाश परत आली.

“उद्या हेच गा,” ते म्हणाले.

हवं होतं ते मिळालं. कमलाकरने पायांवर डोकं ठेवलं, पण त्याला उठवेना. 

“बुवा, सगळेच असे सरळ गाऊ लागले, तर तुमच्यामागे ती जागा कोण ठेवणार?”

बुवा खिडकीबाहेर बघत राहिले. ऊन उतरलं होतं. मारव्याची वेळ झाली होती.

“माझ्यामागे कशाला कोणी थांबायचं?” ते म्हणाले. “तेव्हा मी ओढ्यापलीकडे असेन.”