जरीची शाल आणि राणीचं फडकं

एका राज्यात, दिवस कासराभर वर आला त्या घटकेला, पाळण्यातला राजपुत्र रडता रडता गप्प झाला.

चित्ररेखा राणीच्या काळजात चर्र झालं. सुईण आधीच म्हणाली होती, "बाईसाहेब, बाळाला पहिलं जुनेर लागतं. धुऊन धुऊन मऊ झालेलं फडकं आणा." पण राजवाड्यात जुनं कापड ठेवायची चालच नव्हती. राजा हसला, "राजाच्या लेकाला चिंध्या?" आणि जादूगाराकडून लुटून आणलेली जरीची शाल त्याने बाळाला लपेटली.

आता ती शाल आवळत चालली. तलवारीने कापेना, तेलाने निसटेना.

खिडकीतली साळुंकी बोलली, "राणी, नव्याचा शाप जुन्याने सुटेल. भुकेल्याची भाकर बांधलेलं, जखमेला गुंडाळलेलं, वैऱ्याचे डोळे पुसलेलं फडकं आण. दिवस मावळायच्या आत."

राणीने आपला पदर टर्रकन फाडला. बाळ खांद्यावर घेतलं. श्वास चालतोय ना, म्हणून घडोघडी त्याच्या नाकाशी बोट धरत ती निघाली.

वाटेत म्हातारी गुराखीण भेटली. भुकेली होती, पण भाकर गरम, हात भाजलेले, धरता येईना. राणीने भाकर फडक्यात बांधून दिली. म्हातारीने ती खाल्ली, फडकं ओढ्यात धुऊन परत दिलं. पुढे वाघ लंगडत आला. राणीने त्याचा रक्ताळलेला पंजा फडक्याने बांधला. रक्त थांबलं तशी वाघाने दातांनी गाठ सोडली नि तो म्हणाला, "घे बाई, लेकराला उशीर होतोय."

ओढ्यात पुन्हा धुतलं. फडकं मऊ पडलं.

दिवस कलला तेव्हा गुहेच्या दाराशी जादूगार रडत बसलेला.

"ती शाल माझ्या लेकीसाठी विणली होती. ती पांघरण्याआधीच लेक गेली. तुझ्या नवऱ्याने तेवढीही ठेवली नाही."

राणी त्याच्याजवळ गेली. खाली बसून तिने त्याचे डोळे पुसले.

"या मळक्या फडक्याने?" तो रडता रडता हसला.

"मळलं, धुतलं, म्हणून तर मऊ झालंय, बाबा. शाल तुमची तुम्हाला परत."

फडकं लागताच शाल सैल झाली, घरंगळली. राणीने बाळ फडक्यात गुंडाळलं. राजपुत्राने असा टाहो फोडला की रानातली पाखरं उडाली. राणी त्याला छातीशी धरून हसतच सुटली.

राजाने अनवाणी येऊन जादूगाराचे पाय धरले. त्या दिवसापासून राजवाड्यात जुनेराची पेटी आली.

तर बायांनो, आळीत कुणाचे दिवस भरत आले असतील, तर तिला एवढा निरोप पोचवा: नवं खुशाल शीव, पण आधी एक मऊ फडकं धुऊन ठेव.