मुळीवरचे कुंकू

सुगंधाई देवीच्या डोंगराच्या पायऱ्या चढून आलात की उजव्या हाताला लांब दगडी ओटा लागतो. चैत्रातल्या जत्रेत तिथे औषधी मुळ्या विकणाऱ्या बायका बसतात. प्रत्येक जुडीवर कुंकवाचे बोट असते. ते विकणारणीने लावायचे नसते, समोर बसलेल्या दुसऱ्या विकणारणीने लावायचे. त्याची कथा अशी सांगतात.

फार पूर्वी या डोंगराखाली सारजा आणि गोजरा या दोघी जावा राहत. उपळसरी ओळखावी ती थोरल्या सारजेने. अंगातली आग शमवणारी ही मुळी मोडली की गोड वास सुटतो. तिच्यासारखीच दिसणारी एक रानवेल आहे, तिच्या मुळीला ना वास, ना गुण. हे सारे सारजेनेच गोजरेला शिकवले. पण यश आले गोजरेच्या हाताला. लोक सारजेची टोपली ओलांडून तिच्याकडे जाऊ लागले.

“जाऊबाई, तुमच्यातल्या दोन जुड्या देता का? माझ्या संपल्या,” गोजरा एकदा सहज म्हणाली.

“ने की. माझ्या मुळ्याही तुझ्याच हातून खपायच्या, एवढंच राहिलं होतं.”

त्या दिवशी सारजेला भाकरी गोड लागली नाही.

जत्रेच्या सकाळी गोजरा देवीला पाणी घालायला गेली, तेव्हा सारजेने तिच्या जुड्यांत रानवेलीची मुळे बांधली म्हणे. हिचे नाव गेले की लोक परत आपल्याकडे वळतील, एवढेच तिच्या मनात.

गोजरा परतली तोच पहिली बाई आली ती तापाने फणफणलेली लेक पाठुंगळी घेऊन. तिने गोजरेची जुडी उचलली. सारजा आपल्या जुड्या नीट लावत बसली. मग त्या पोरीचे सुकलेले ओठ तिला दिसले. देवीनेच तिला उठवले म्हणतात. तिने जुडी हिसकून घेतली, मुळी मोडली.

“हिला वास नाही. ही देऊ नको पोरीला,” म्हणत आपली जुडी तिच्या हाती दिली.

लोक गोजरेवर उसळले. सारजेला हवे होते ते सगळे झाले. एवढ्यात गोजरा तिच्या पाया पडली.

“तुम्ही होतात म्हणून पाप टळलं, जाऊबाई. यापुढे तुम्ही हुंगल्याशिवाय माझी मुळी कुणाच्या घरी जायची नाही.”

ते मात्र सारजेला सोसवले नाही. भर ओट्यावर तिने आपली चूक सांगितली. म्हणाली, “आता माझ्या नाकावर कोण विश्वास ठेवील?”

गोजरेने आपल्या जुड्या सोडून रानवेलीची मुळे वेगळी काढली. मग म्हणाली, “मी ठेवीन. माझ्या मुळीतली खोट तुमच्याइतकी नेटाने कोण शोधणार?” आणि देवीपुढचे कुंकू आणून तिने सारजेच्या बोटाला लावले. पोरीचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला.

आजही समोरचीने हुंगून बोट लावल्याशिवाय इथली जुडी विकली जात नाही. ओट्यावरच्या जागा देवळातली गुरवीण ठरवते, आणि ज्या दोघींचे आपसात पटत नाही, त्यांना ती मुद्दाम समोरासमोर बसवते.