गवरा लोहारणीचा संशय

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती वर्षांपूर्वीची, यावर सोनदरीतल्या दोन म्हाताऱ्यांचं एकमत होत नाही. एक म्हणते, गावात मोटार यायच्या आधीची. दुसरी म्हणते, मोटार आली होती, पण वेशीतच बंद पडली होती. तेव्हा आपण नुसतं फार वर्षांपूर्वीची म्हणू आणि पुढे जाऊ.

त्या काळी सोनदरीत गवरा नावाची एक लोहारीण होती. तिचा नवरा सटवाजी ऐरणीवर घण घालायचा आणि गवरा भाता ओढायची. लग्न होऊन आली त्या आठवड्यापासून ओढत होती. तिचा हात मंदावला की विस्तव मंदावायचा आणि विस्तव मंदावला की सटवाजी मान वर करून बघायचा. दोघांच्या संसारातलं निम्मं बोलणं असंच चालायचं.

गवरा स्वभावाने भारी संशयी. मडकं घेताना चार बाजूंनी वाजवून घ्यायची आणि घरी आणून पुन्हा वाजवायची. कुणी प्रकृती विचारली, तर हा का विचारतोय असं तिच्या मनात यायचं. देवीचा कौल पहिल्याच झटक्यात उजवा पडला तर ती देवीकडे न बघता गुरवाच्या हाताकडे बघायची. गावाने तिचं नाव शंकासुरीण ठेवलं होतं. तिच्या तोंडावर मात्र कुणी म्हणत नसे, कारण गावातले सगळे विळे-कोयते तिच्याच दारात धार लावायला यायचे.

एका वर्षी चैत्रात सोनजाई देवीच्या जत्रेला नारोशेट नावाचा एक चक्रीवाला आला. त्याच्याबरोबर लाकडी घोड्यांची चक्री होती. गावाने चक्री पाहिली होती, त्यामुळे तिचं काही विशेष वाटलं नाही. पण चक्रीच्या शेजारी त्याने बैलगाडीएवढी एक पेटी उतरवली, तेव्हा सगळी सोनदरी गोळा झाली. पेटीच्या तोंडाला सोनेरी वेलबुट्टी, आत ओळीने पितळी कर्णे, एका बाजूला ढोल, दुसऱ्या बाजूला झांज. मधोमध लाकडाच्या तीन बाहुल्या, आणि त्यातल्या मधल्या बाहुलीच्या हातात छडी. नारोशेटने भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक लांबलचक घडी एका फटीत सरकवली, हातभर लांबीची चावी काढून कडकड फिरवली आणि मागे सरला. पेटी वाजायला लागली. कर्णे वाजले, ढोल वाजला, मधल्या बाहुलीने छडी हलवली. वाजवणारा मात्र कुठेच दिसेना.

“साहेबाच्या मुलखातली कळ आहे,” नारोशेट म्हणाला. “एकदा चावी दिली की तीन दिवस आपोआप वाजते.”

लोक चार पावलं मागे हटले. असं म्हणतात, त्या दिवशी सोनदरीतल्या निम्म्या लोकांनी देवीचा अंगारा लावला आणि उरलेल्या निम्म्यांनी आधी अंगारा लावून मग घोड्यावर बसायला रांग धरली. कुणी म्हणालं, पेटीत वेताळ कोंडलाय. कुणी म्हणालं, बाहुलीची नजर आपल्यामागे फिरते. गवरा गर्दीत उभी होती. तिला वेताळाचं भय नव्हतं. तिला एवढंच कळेना, की इतका वारा येतो कुठून?

कारण वारा फुकट येत नाही, हे तिच्या खांद्यांना माहीत होतं. तिने तेच गाणं तीनदा ऐकलं. पहिल्यांदा ते ठणठणीत वाजलं. दुसऱ्यांदा शेवटाला जरा ओढल्यासारखं झालं. तिसऱ्यांदा मधेच एक सूर बसला, मग कुणीतरी कमरेत जोर घेतल्यासारखा उसळला. नारोशेटने पुठ्ठे बदलायला थोडा वेळ घेतला, आणि पुढचं गाणं पुन्हा ताजंतवानं निघालं. गवराला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. दमलेला हात मात्र तिला कळायचा.

ती पेटीच्या मागे गेली. मागे दार होतं, दाराला कुलूप होतं, आणि वर फळ्यांमध्ये बोटभर फट होती. तिने फटीला तोंड लावून विचारलं, “आत कोन हाय?”

गाणं एक ठोका चुकलं आणि पुन्हा सुरू झालं. उत्तर आलं नाही. नारोशेट मात्र तिथे आला. “बाई, इकडं यायचं नाही. नाजूक कळ आहे, बिघडेल.” तो हसत बोलला. हसून बोलणाऱ्यावर गवराचा मुळीच विश्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आनंदराव पाटलांना गाठलं आणि पेटीत माणूस कोंडलंय असं सांगितलं. पाटील वैतागले. पण देवीच्या जत्रेत भलतंसलतं नको, म्हणून चार माणसं घेऊन आले. नारोशेटने आढेवेढे न घेता कुलूप काढलं. आत दोन मोठे भाते होते, ते हलवायला एक लाकडी दांडा होता, आणि माणूस कुणी नव्हतं. लोक हसले.

गवरा वाकून आत शिरली. तिने दांड्यावर हात फिरवला. दोन जागी लाकूड तुळतुळीत झालं होतं, तिच्या भात्याच्या दांडीसारखं.

“आपोआप हलनाऱ्या दांड्याला मूठ कशापायी?” ती म्हणाली.

“साहेबाचं काम असतंच तसं,” नारोशेट म्हणाला.

“मंग दार उघडं ठेवून वाजवा.”

“दार उघडलं तर वारा निघून जाईल.”

हे पाटलांना पटलं. चारही माणसांना पटलं. नारोशेटने सगळ्यांना आपल्या राहुटीपाशी बसवून पाणी दिलं. पाणी घेऊन आली ती त्याची थोरली भावजय, म्हणजे मेलेल्या भावाची बायको. कपाळ मोकळं, पदर नाकापर्यंत ओढलेला, अंगाने अगदी काटकुळी. तिने गवराच्या हातात तांब्या दिला तेव्हा तिचा तळहात उघडा पडला. चारी बोटांच्या मुळाशी घट्टे होते, आणि अंगठ्याच्या खाली एक जाड, पिवळा, मधे चिरलेला. गवराने पाणी तोंडाला लावलं नाही. तिने स्वतःचा तळहात उलटा करून त्या बाईसमोर धरला. तिथेही तेच घट्टे होते, त्याच जागी.

बाईने एकदा त्या हाताकडे पाहिलं, एकदा नारोशेटकडे, आणि तांब्या परत घ्यायला न थांबता निघून गेली.

गवराने तिथल्या तिथे पाटलांना सांगितलं, की पेटीतला भाता हीच बाई ओढते. पण पाटलांचा आता गवरावरच संशय बसला होता. परक्याचा बाजा गाजतोय म्हणून लोहारणीच्या पोटात दुखतंय, असं त्यांना वाटलं. ते म्हणाले, “गवरे, पेटी तूच उघडाय लावलीस. रिकामी निघाली. आता पुन्यांदा पेटीकडं फिरकलीस, तर तुमचं बलुतं बंद. गावात दुसरा लोहार आणीन मी.”

गर्दीतल्या सटवाजीने खाली मान घालून ऐकलं. बलुतं बंद म्हणजे सुगीचं धान्य बंद, म्हणजे गाव सोडायचं. गवराही भट्टीवर परतली. तिला आत कोण आहे ते कळलं होतं, आणि कळून काही उपयोग नव्हता. त्या रागाने तिने दिवसभर असा भाता ओढला, की सटवाजीला लोखंड सांभाळता येईना.

तिसरा दिवस जत्रेचा मुख्य दिवस. दुपारी ऊन असं, की पायाखालची माती चटके देत होती. पेटी उन्हात होती आणि चक्री क्षणभर थांबत नव्हती, कारण बारा गावची माणसं रांगेत होती. लोहाराची भट्टी जत्रेच्या माळाच्या या टोकाला, तरी बाजा तिथवर ऐकू यायचा. भाता ओढता ओढता गवराच्या ध्यानात आलं, की आपला हात गाण्याच्या ठेक्यावर चाललाय. गाणं जलद, तर हात जलद. मग गाणं हळू झालं आणि तिचा हातही हळू झाला. विस्तव मंदावला. सटवाजीने मान वर केली.

“ऐकताय न्हवं?” गवरा म्हणाली.

माळावर लोक माना डोलवत होते. आज कसं काळजाला हात घालणारं वाजतंय, असं एकमेकांना सांगत होते. सूर लांबत होते, खोल जात होते, आणि लोकांना वाटत होतं की गाणंच तसं आहे. असं म्हणतात, काहींच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. मला त्या रडणाऱ्यांचा आजही राग येतो.

“अवं, ती पडंल,” गवरा म्हणाली. “आता पडंल ती.”

सटवाजी उठला. लग्नापासून त्याने बायकोला कधी अमुक कर असं सांगितलं नव्हतं. त्याने घण उचलून तिच्या हातात दिला. “कुलपावर मारू नगंस,” तो म्हणाला, “कोयंड्यावर मार. आन् बलुत्याचं मी बघतो.”

गवरा माळ तुडवत गेली. पाटील आडवे आले, तर ती त्यांना वळसा घालून गेली. नारोशेटने हात धरला, तर सटवाजीने तो सोडवला. पहिल्या घावात कोयंडा वाकला, दुसऱ्या घावात तुटला. दार उघडल्याबरोबर आतून भट्टीसारखी धग आली. दांड्यावर ओणवी पडलेली ती भावजय होती. ओठ फुटलेले, डोळे मिटलेले, आणि दोन्ही हात अजून मुठीवरच होते. बोटं एकेक करून सोडवावी लागली.

तिला सावलीत आणलं. कुणी कांदा फोडला, कुणी डोक्यावर पाणी थापलं. आणि तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आलं, की बाजा थांबलेला नाही.

दार सताड उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं, तरी कर्णे वाजत होते आणि बाहुलीची छडी हलत होती. दांडा आपला आपण खालीवर होत होता, अगदी सावकाश, आजाऱ्याला थोपटावं तसा. असं म्हणतात, सोनजाईनेच दांडा धरला होता. गवराने काही कुणाचं ऐकलं नाही. ती परत पेटीत शिरली. तिने भात्याखाली पाहिलं, पुठ्ठ्यांमागे पाहिलं, बाहुलीच्या झग्याखाली हात घालून चाचपलं. मग बाहेर येऊन म्हणाली, “आत कोनी न्हाई.”

आयुष्यात तिचा एवढाच एक संशय अनुत्तरित राहिला. नारोशेट तीन दिवस जे खोटं सांगत होता ते त्याच्या डोळ्यांपुढे खरं झालं होतं, आणि ते बघायला तो उभा राहिला नाही. चक्री, घोडे, पेटी सगळं टाकून तो वेशीबाहेर पळाला.

सावलीतल्या बाईने डोळे उघडले तेव्हा बाजा थांबला. गवरा तिच्याजवळ बसली आणि तिने पहिल्या दिवशीचाच प्रश्न पुन्हा विचारला. “आत कोन होतं?”

“मी होते,” बाई म्हणाली.

“मी म्हंजी कोन?”

बाईने आपल्या तळहाताकडे पाहिलं. नवरा गेल्यापासून तिला सगळे ‘ए’ म्हणायचे. विधवेचं तोंड जत्रेत कशाला, त्यापेक्षा पेटीत बरी, असं दिराने ठरवून टाकलं होतं, आणि जायला दुसरं घर नव्हतं म्हणून ती आत बसत होती. शेवटी ती म्हणाली, “मथुरा.”

पाटलांनी पागोटं काढून बाजूला ठेवलं. माफी काही त्यांनी मागितली नाही, पाटील होते ना. पण संध्याकाळी पालखी निघायची वेळ झाली, तेव्हा ते स्वतः पेटीत शिरले आणि त्यांनी दांडा धरला. दार उघडंच होतं. बाजा कसाबसा वाजला. गवरा मागे उभी राहून ऐकत होती, पाटील अंगचोरपणा करतात की काय म्हणून.

मथुरा पुढे गवराच्याच घरी राहिली. दोघी म्हाताऱ्या झाल्या, आणि मथुरेने रांधलेलं कालवण गवराने शेवटपर्यंत आधी हुंगून पाहिलं, असं म्हणतात.

असे बाजे आता जगात फार थोडे उरलेत. कुठे परमुलखात एखाद्या बागेतल्या चक्रीपाशी वाजतात, कुठे काचेआड जपून ठेवलेत. एक सोनदरीत आहे, देवळाच्या ओवरीत. सोनेरी रंग उडालाय, दोन कर्णे मुके झालेत, पण चैत्रात तो वाजतो. त्याला मागचं दार नाही. मोडलेलं दार गावाने परत बसवलंच नाही.

वाजवायच्या आधी लोहाराच्या घरातली थोरली बाई मागे उभी राहते आणि मोठ्याने विचारते, “आत कोन हाय?” दांड्यावरच्या माणसाने आपलं नाव सांगायचं. मग तो सरपंच असो, मास्तर असो, की शहरातून आलेला पाहुणा असो. उत्तर आलं नाही तर बाजा वाजत नाही. बाई ऐकत राहते, आणि सूर जरासा ओढला की हात वर करते. मग दुसरा माणूस आत जातो आणि त्यालाही नाव विचारतात.

मागे एकदा तालुक्याहून कुणीतरी विजेची मोटर घेऊन आलं होतं. फुकट बसवून देतो, दिवसभर न थांबता चालेल, म्हणाले. त्या साली विचारणारी होती ती गवराची पणतसून, सखूबाई. तिने मोटरीभोवती दोन फेऱ्या घातल्या, ती चार बाजूंनी वाजवून पाहिली.

“दमली तर कळंल का?” तिने विचारलं.

“मोटर दमत नाही, आजी.”

“नारोशेट बी हेच म्हनला हुता,” सखूबाई म्हणाली, आणि मोटर आली तशी परत गेली.

दर जत्रेत पहिल्या हाकेचं उत्तर मात्र दांड्यावरचा माणूस देत नाही. सखूबाई विचारते, “आत कोन हाय?” आणि बाहेर उन्हात उभं असलेलं सगळं गाव एका आवाजात सांगतं, “मथुरा.”