वगळलेली चाचणी

एकदा एका प्रयोगशाळेत त्र्यंबकराव नावाचे वयोवृद्ध अभियंते होते. संगणकाच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या कार्यप्रणालीच्या अगदी गाभ्यात, कोणते काम केव्हा झाले याचा माग ठेवणारे एक साधन त्यांनी घडवले होते. साधनात बदल केला, की पूर्वी नीट चालणारे सारे अजूनही चालते ना, हे चाचण्या घेऊन पाहावे लागे. रिस्क-फाइव्ह जातीच्या प्रोसेसरवरच्या चाचण्या त्यांची शिष्या मृण्मयी घेत असे.

एका खेपेस दोनशे बारांपैकी एक चाचणी अडली. कधी ती उत्तीर्ण होई, कधी न होई. मृण्मयीने दोन दिवस डोके शिणवले, पण कारण सापडेना. "मला जमले नाही" असे गुरूंना सांगणे तिच्या जिवावर आले. तिने ती चाचणी वगळली आणि अहवालावर लिहिले, 'सर्व चाचण्या उत्तीर्ण.' त्र्यंबकरावांनी खाली सही केली.

तीन महिन्यांनी एका कारखान्यातले अभियंते भेटीस आले. गृहस्थ खचलेले दिसत होते.

"आमचं एक यंत्र मध्येच बंद पडायचं," ते म्हणाले. "तुमच्या साधनाने माग काढला, तर रेश्मा नावाच्या मुलीने लिहिलेला प्रोग्रामचा भाग चाललाच नाही असं दिसलं. ती म्हणत होती, 'साहेब, चालतो, मी पाहिलंय.' मी चारचौघांत तिला खोटी ठरवलं. ती काम सोडून गेली. आता कळतंय, भाग चालत होता. साधनाने तो नोंदवलाच नाही."

अडलेली चाचणी नेमकी हीच नोंद तपासणारी होती. मृण्मयीची मान वर होईना.

त्र्यंबकरावांनी जुना अहवाल काढला, शेवटचे पान वाचले आणि पाहुण्यांपुढे हात जोडले. "चूक माझी आहे. मला क्षमा करा." मृण्मयीचे त्यांनी नावही घेतले नाही.

पाहुणे गेल्यावर ती कशीबशी म्हणाली, "सर, चूक माझी होती. माझ्यासाठी तुम्ही खोटं का बोललात?"

"खोटं कुठे बोललो? वगळलेल्या चाचणीचं नाव शेवटच्या पानावर आपोआप छापलेलं होतं. मी न वाचता सही केली. 'सर्व उत्तीर्ण' वाचून मी किती खूश होतो, हे तू वर्षभर पाहत आलीस. मग अडलेलं मला कोण सांगेल? चाचणी आपल्याला वेळेवर सावध करत होती. तिचं तोंड आपण दोघांनी बंद केलं, आणि दोष एका निरपराध मुलीच्या माथी गेला." मग ते म्हणाले, "साधन मी दुरुस्त करतो. त्या मुलीचं काय करायचं, ते तू ठरव."

दुसऱ्या दिवशी मृण्मयी पत्ता शोधत रेश्माच्या घरी गेली. दारातच तिने सारे सांगितले. रेश्माने एवढेच विचारले, "हे माझ्या वडिलांना सांगाल? त्यांना अजून वाटतं, मीच खोटं बोलले."

मृण्मयी आत गेली. खाटेवर बसलेल्या वडिलांना तिने पहिल्यापासून पुन्हा सगळे सांगितले. ते लेकीकडे पाहायला गेले, आणि त्यांचीच मान खाली गेली. आपण लिहिलेल्या एका ओळीने किती माना खाली घालायला लावल्या, ते मृण्मयीला तेव्हा कळले.