ज्याच्या नावाची मुळी

ही समोरच्या उतारावर, कातळाच्या फटीत उगवलेली बारक्या पानांची मुळी पाहा. हात लावू नका, नुसती पाहा. तिचं नाव विचाराल तर वाडीत जितकी घरं तितकी नावं ऐकाल. एका घरात ती कोंडी, शेजारी रामा, पलीकडे विठी. मागे तुमच्यासारख्याच एक विलायतेच्या बाई झाडपाल्याची नावं गोळा करत आल्या होत्या. त्यांच्याकडे म्हणे एकाच झुडपाला एका देशात संताचं नाव, दुसऱ्यात दुखण्याचं, तिसऱ्यात आणखी भलतंच. मोठ्या खुशीत सांगत होत्या. मग आमच्या नावांची हकिकत ऐकली आणि चहा तसाच ठेवून उठल्या. तुम्हाला ऐकायचीच असेल तर बसा.

फार पूर्वी या मुळीला एकच नाव होतं, असं सांगतात. काय होतं ते आता कुणालाच ठाऊक नाही. राही नावाची एक जाणती बाई वाडीला औषध द्यायची. मुळी काढायची रीत होती. आदल्या सांजेला जायचं, बुडाशी हळदीचे तांदूळ ठेवायचे आणि कुणासाठी हवी ते नाव सांगून तिला आमंत्रण द्यायचं. सकाळी उपटायची ती त्याच माणसासाठी.

एका वर्षी डोंगराला वणवा लागला आणि त्यामागोमाग तापाची साथ आली. उतारावर मुळी उरली एकच. सारजा नावाच्या विधवेचा एकुलता एक म्हाळू तापाने फणफणला होता. राहीने त्याच्या नावाने तांदूळ ठेवले. सारजेला म्हणाली, "रडू नगंस. उद्या तुझा पोरगा भाकर मागंल बघ."

उजाडलं तेव्हा राहीची स्वतःची लेक गिरजी डोळे पांढरे करून पडली होती. राही उतारावर गेली. मुळीपुढे बराच वेळ बसून राहिली म्हणे. परत आली ती सारजेचं दार टाळून, मागच्या वाटेने. तिला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. आपलं पोर डोळ्यांदेखत जात असताना कुठल्या आईला शहाणपण सुचतं?

गिरजीचा ताप उतरला. म्हाळू दुपारी गेला. "मुळी गावलीच न्हाई," असं राहीने सांगितलं आणि सारजेने ते खरं मानलं.

गिरजी उठून बसली, पण आईच्या हाकेला ओ देईना. राहीने लाडाने हाक मारली, रागाने मारली. पोर भिंतीकडे बघत बसे. तापाने कान गेले असतील, असं सगळ्यांना वाटलं. मग एक दिवस दिवेलागणीला सारजा सवयीने दारात आली आणि उताराकडे तोंड करून तिने हाक मारली, "म्हाळूऽ, घरी ये रं!"

"आलो गं आये," गिरजी म्हणाली, आणि अंथरुणातून उठून चालू लागली.

राहीने तिचा हात धरला. परक्या माणसाने धरावा तसा पोरीने तो सोडवून घेतला, आणि जाऊन सारजेच्या पदराला बिलगली. सारजेला तेव्हा सगळं कळलं, असं सांगतात. तिने राहीला शिवी दिली नाही. "तुजी हाय, घिऊन जा," एवढंच म्हणाली. पण कितीदा नेली तरी पोर फिरून तिथंच जाई. शेवटी राहीने नेणं सोडलं. लेकीला समोरच्या घरात वाढताना तिने जन्मभर पाहिलं, आणि "आये" ही हाक काही तिला पुन्हा मिळाली नाही.

तेव्हापासून मुळीचं जुनं नाव वाडीने टाकलं. ज्याच्यासाठी ती बोलावली, त्या घरात तिला त्याचंच नाव, म्हणजे ती कुणाची हे कुणी विसरायला नको. आमच्या घरात ती भागी. भागी माझी धाकटी बहीण. तिला गुण आला नाही.

आजही या वाडीत एखादं पोर तापातून उठलं तर त्याची आई लगेच हसत नाही. आधी उंबऱ्याबाहेर उभी राहून त्याला त्याच्या नावाने हाक मारते, आणि आतून ओ येईपर्यंत शेजारपाजारचं कुणीही बोलत नाही.